शेतमजुराची वाट आणि विजेची जुनी मोटार

कामगार-चळवळीत पडलेल्या माणसाला एक खोड लागते. कोणी आपल्या मजुरीचे गाऱ्हाणे घेऊन आला, की मजुरीचा आकडा विचारण्याआधी आम्ही त्याला विचारतो, “बाबा रे, आज कामावर आलास कसा?” पायी, सायकलीवर, एस. टी.ने, की मुकादमाच्या टेम्पोतून? ह्या एका प्रश्नाच्या उत्तरात त्याच्या आयुष्याची निम्मी हकीकत असते. जो मुकादमाच्या टेम्पोतून येतो तो मुकादमाच्या वेळेला उठतो, मुकादमाच्या मर्जीने घरी परततो, आणि भांडण झालेच तर गावापासून दहा कोसांवर रस्त्याच्या कडेला उभा राहतो. उचल घेतलेल्या माणसाची मान जशी अडकते, तशीच वाहनात बसलेल्याचीही अडकते.

आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या शेतमजुरांचा आहे. आणि त्यातही त्यांच्या घरापासून शेतापर्यंतच्या वाटेचा आहे. ह्या इतिहासाचे अगदी अलीकडचे प्रकरण म्हणजे वापरलेल्या विजेच्या मोटारी गरीब ग्रामीण चालकांच्या हाती पोचविण्याचा खटाटोप. वर्तमानपत्रात वाचले तर हे प्रकरण हवेच्या शुद्धीचे आणि सरकारी अनुदानाचे वाटते. आम्हांस ते कामगाराच्या वाटेचे वाटते, आणि नव्वद वर्षे मागे गेल्याखेरीज ते नीट उमगत नाही असे आमचे मत आहे.

कॅलिफोर्नियाच्या मध्यभागी सॅन वाकीन नावाचे लांबलचक खोरे आहे. पूर्वेस सिएरा नेवाडाचा उंच पर्वत, पश्चिमेस किनाऱ्याची डोंगररांग, दक्षिणेस तेहाचापीचे डोंगर. कालव्यांच्या पाण्यावर येथे द्राक्षे, बदाम, टोमॅटो, संत्री आणि कापूस पिकतो. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांच्या वर जाणे नित्याचेच. तिन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे धूर आणि धूळ खोऱ्यातच कोंडून राहते, आणि अमेरिकेतील सर्वांत वाईट हवेच्या प्रदेशांत ह्या खोऱ्याची गणना होते. शेते मैलोगणती पसरलेली आणि वस्ती विखुरलेली. मजूर एका गावात राहतो, पीक दुसरीकडे असते आणि इस्पितळ तिसरीकडे. अशा मुलखात वाहन ही चैन राहत नाही. ते कामाचे हत्यार होते.

१९३० नंतरच्या दशकात मंदीने आणि धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा, टेक्सास, आर्कान्सा इकडील हजारो कुटुंबे उठविली. ती गाद्या, भांडी आणि म्हातारी माणसे जुन्या मोटारींवर लादून ह्या खोऱ्यात उतरली. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ह्या कादंबरीमुळे ही वाताहत जगाला ठाऊक झाली. त्या मोटारी बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या. फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये निघाली तेव्हा तिची किंमत साडेआठशे डॉलर होती. १९२५ च्या सुमारास तिचा सर्वांत स्वस्त प्रकार २६० डॉलरांवर आला होता. नवी गाडी आधी सुखवस्तूंच्या दारात जावयाची, मग मध्यमांच्या, आणि पुरती खिळखिळी झाली की गरिबाच्या. अमेरिकेतील गरिबाला मोटार मिळाली ती अशी शेवटच्या पंगतीला. पण पंगत शेवटची असली तरी गाडीचे चाक त्याच्या स्वतःच्या हातात होते. एका मळेवाल्याने मजुरी पाडली, तर गाडी दुसऱ्या मळ्याकडे वळविण्याची त्याला मुभा होती.

ही मुभा पुढच्या मजुरांना राहिली नाही. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या दिवसांत, शेतीला हात कमी पडतात म्हणून अमेरिका आणि मेक्सिको ह्या दोन सरकारांनी करार केला. ह्या करारान्वये जे मेक्सिकन मजूर आले त्यांना ‘ब्रासेरो’ म्हणत. ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. १९६४ च्या अखेरीपर्यंत ही योजना चालली आणि तीत पंचेचाळीस लाखांहून अधिक करारनामे झाले. ब्रासेरोजवळ गाडी नव्हती. तो राहावयाचा छावणीत, जेवावयाचा छावणीच्या खाणावळीत, आणि शेतावर जावयाचा तो ज्याने काम दिले त्याच्याच वाहनातून.

१७ सप्टेंबर १९६३ रोजी ह्या खोऱ्याच्या पश्चिमेस असलेल्या सलिनास खोऱ्यात, चुआलार गावाजवळ, दिवसभराचे काम आटोपून छावणीकडे परतणाऱ्या मजुरांची गाडी रूळ ओलांडताना मालगाडीच्या तडाख्यात सापडली. तिला बस म्हणत. पण तो सपाट ट्रक होता, त्याच्यावर टप चढवून आत लांब बाकडी टाकलेली. ३२ मजूर प्राणांस मुकले. मेक्सिकोत जन्मलेले आणि लहानपणी स्वतः शेतावर राबलेले एर्नेस्तो गालार्सा यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीसाठी ह्या अपघाताची चौकशी केली. हे गृहस्थ कोलंबिया विद्यापीठाचे डॉक्टर होते, आणि तरीही त्यांनी उमेदीची वर्षे शेतमजुरांच्या संघटनेत घातली होती. चुआलारवरचे त्यांचे पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. अपघात एका क्षणाचा असतो, पण माणसे मालासारखी लादण्याची रीत वर्षानुवर्षांची असते, हे त्या प्रकरणाने उघडे पाडले.

ब्रासेरो योजना बंद पडली आणि पुढच्याच वर्षी, ८ सप्टेंबर १९६५ रोजी, सॅन वाकीन खोऱ्यातील डेलानो येथे फिलिपिनो द्राक्षमजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढारीपणाखाली संप पुकारला. आठवडा-सव्वा आठवड्यात सीझर चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्टा यांची संघटना त्यांना येऊन मिळाली. हा संप १९७० पर्यंत चालला आणि मळेवाल्यांना करारावर सह्या कराव्या लागल्या. संपाची ही हकीकत पुष्कळांनी ऐकली असेल. आम्हांस त्यातील एका बारीक गोष्टीचे महत्त्व वाटते. मळे इतके विस्तीर्ण होते की गिरणीसारखे एका दरवाजावर उभे राहून भागण्यासारखे नव्हते. संपवाले पहाटे आपापल्या खटारा मोटारींचा तांडा करीत आणि ह्या मळ्यावरून त्या मळ्यावर जात. ज्याच्याजवळ गाडी होती तोच निरोप पोचवू शकत होता. गाडी कोणाची ह्या प्रश्नाला संपातही असे मोल आले.

तथापि रोजच्या वाटेचा प्रश्न सुटला नाही. ९ ऑगस्ट १९९९ रोजी पहाटे फ्रेस्नो काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्हा) फाइव्ह पॉइंट्स गावाजवळ टोमॅटोच्या कामावरील मजुरांची व्हॅन रस्त्यात वळणाऱ्या मालट्रकवर आदळली आणि १३ जण ठार झाले. आत बसावयास बाकडी होती, पट्टे नव्हते. चुआलारनंतर ३६ वर्षांनी पुन्हा बाकडीच! त्याच वर्षी राज्याने शेतमजुरांच्या वाहनांत प्रत्येकाला बसण्याची जागा आणि पट्टा असावा असा कायदा केला. त्यानंतर किंग्ज काउंटीच्या सार्वजनिक वाहतूक संस्थेने मजुरांसाठी सुरक्षित व्हॅन चालविण्याची योजना काढली. गाडी संस्थेची, चालक मजुरांपैकीच एक, खर्च बसणाऱ्यांत वाटून. २०११ मध्ये तिचे रूपांतर अनेक जिल्ह्यांच्या संयुक्त संस्थेत झाले आणि ‘कॅलव्हॅन्स’ हे नाव रूढ झाले. आमच्या मते ही ह्या इतिहासातील फार मोलाची पायरी होय. तेरा माणसे गेली तेव्हा ती बांधली गेली, हे मात्र विसरू नये.

जेथे अशी व्हॅन नाही आणि बस दिवसातून मोजक्या वेळाच येते, तेथे लोकांनी आपली सोय आपण केली. इंग्रजी ‘राइड’चे तिकडच्या स्पॅनिश बोलीत ‘राइते’ झाले, आणि राइते देणारा तो ‘राइतेरो’. आपल्या माणसांनी ‘इंजिना’चे ‘इंजान’ केले, त्यातलाच हा प्रकार. राइतेरो बहुधा गावातलाच, स्वतः शेतावर राबलेला, जवळ एखादी जुनी मोटार असलेला माणूस. तो शेजाऱ्यांना शेतावर नेतो, बाळंतिणीला दवाखान्यात नेतो, आणि पेट्रोलापुरते किंवा त्याहून थोडे अधिक पैसे घेतो. सगळेच राइतेरो साधू नसतात. काही ठिकाणी फोरमनच राइतेरो असतो, आणि माझ्या गाडीतून येशील तरच काम देईन असे म्हणतो. तो आपला मुकादमच झाला. परंतु पुष्कळ ठिकाणी राइतेरो हा गावाचा आधार असतो, आणि त्याच्या गाडीची अवस्था हा साऱ्या गावाचा प्रश्न असतो.

२०१५ पर्यंत तर ह्या चालकांपैकी पुष्कळांना चालविण्याचा परवानाच मिळू शकत नव्हता, कारण त्यांच्यापाशी देशात राहण्याचे कागद नव्हते. परवान्यावाचून पकडले गेले तर गाडी ३० दिवस जप्त होऊ शकत असे, आणि जप्तीचे भाडे कधीकधी गाडीच्या किमतीहून जास्त भरे. २०१३ मध्ये मंजूर झालेला कायदा १ जानेवारी २०१५ पासून अमलात आला, आणि कागद नसलेल्या रहिवाशांनाही परवाना मिळू लागला. जुन्या विजेच्या मोटारीची गोष्ट सांगताना ह्या कायद्याचा उल्लेख सहसा होत नाही. आम्ही तो मुद्दाम करतो. कारण परवान्यावाचून गाडी म्हणजे पोलिसाच्या भीतीची खरेदी.

आता विजेकडे वळू. विजेची मोटार हे काही नवे खूळ नव्हे. १९०० च्या सुमारास अमेरिकेतील मोटारींपैकी जवळजवळ एकतृतीयांश विजेवर चालत. परंतु वीज होती शहरात. खेड्यातल्या शेतकऱ्याला बॅटरी भरून घेण्यास जागा नव्हती. पेट्रोलचा डबा मात्र कोठेही नेता येत होता. १९३५ साली शहरातील दहांतील नऊ घरांत वीज होती, तर शेतांवरील घरांत ती दहांतील एकाच्या आसपास होती. खाजगी वीज कंपन्यांचे म्हणणे असे की खेड्यात तारा ओढणे परवडत नाही. त्या वर्षी ११ मे रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणाचे खाते काढले. त्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना हलक्या व्याजाने कर्जे दिली आणि त्यांनी स्वतःच्या तारा ओढल्या. हा नमुना पुढे आपल्याकडेही आला. १९७० च्या सुमारास श्रीरामपूर भागात उभी राहिलेली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था त्याच घराण्यातली. २०११ मध्ये तिचा परवाना संपला, हे पुष्कळ श्रोत्यांना ठाऊक आहे. अमेरिकन खात्याने एक शहाणपण केले होते. गावापर्यंत तार नेऊन ते थांबले नाही. घरातील वायरिंगसाठीही कर्ज मिळेल अशी तजवीज केली. खांबावर वीज आली म्हणजे चुलीपाशी दिवा लागला असे होत नाही, हे त्यांनी ओळखले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती उपयोगी पडेल.

शंभर वर्षांनी विजेची मोटार परत आली. २०१० च्या डिसेंबरात निस्सानची लीफ ही गाडी अमेरिकेच्या रस्त्यावर आली. नव्या विजेच्या मोटारीवर केंद्र सरकार साडेसात हजार डॉलरपर्यंत आयकराची सवलत देई. आता ज्याला आयकरच थोडा, त्याला सवलत कोठून मिळणार? सेव्हरिन बोरेनस्टाइन आणि लुकास डेव्हिस ह्या अर्थशास्त्रज्ञांनी आयकराची आकडेवारी तपासली, तेव्हा असे दिसले की विजेच्या मोटारींवरील ह्या सवलतीपैकी सुमारे ९० टक्के रक्कम उत्पन्नाच्या वरच्या पाचव्या हिश्शातील कुटुंबांकडे गेली होती. पुष्कळांनी ह्या गाड्या तीन वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतल्या, आणि मुदत सरल्यावर त्या जुन्या बाजारात आल्या. म्हणजे पुन्हा तीच पंगत, तीच उतरंड.

कॅलिफोर्निया राज्याने ह्या उतरंडीत हात घातला. प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना जे परवाने विकत घ्यावे लागतात, त्यांच्या लिलावाचा पैसा २०१२ पासून राज्याकडे येऊ लागला. त्याच वर्षी कायदा झाला की ह्या पैशातील किमान चतुर्थांश गरीब आणि प्रदूषणग्रस्त वस्त्यांच्या हितासाठी खर्चावा. २०१५ मध्ये सॅन वाकीन खोऱ्यात आणि दक्षिणेकडे लॉस एंजेलिसच्या भागात एक योजना सुरू झाली. धूर ओकणारी जुनी गाडी मोडीत द्यावयाची आणि तिच्या बदली स्वच्छ गाडी घ्यावयाची. सर्वांत गरीब कुटुंबाने विजेची गाडी घेतली तर साडेनऊ हजार डॉलरपर्यंत साहाय्य, आणि गाडी वापरलेली असली तरी चालेल. ही शेवटची अट, किंवा सूट म्हणा, फार महत्त्वाची. कारण वापरलेल्या गाडीची किंमतच जर त्या साहाय्याच्या आसपास असेल, तर कर्ज जवळजवळ राहतच नाही. ‘क्लीन कार्स फॉर ऑल’ ह्या नावाने ही योजना २०१७ मध्ये कायद्यात घातली गेली.

पण कायदा राजधानीत होतो, आणि गाडी ह्यूरॉनसारख्या गावात चालते. मधल्या अंतरात काय काय अडते, ते आता क्रमाने पाहू.

पहिली अडचण बॅटरीची. जुन्या पेट्रोल-गाडीचे दुखणे गावचा मेस्त्री कानाने ओळखतो. विजेच्या गाडीची बॅटरी वरून चांगली दिसते आणि आतून थकलेली असते. पहिल्या लीफ गाड्यांची बॅटरी २४ युनिटांची आणि एका भरणीतील पल्ला सरकारी चाचणीप्रमाणे ७३ मैल होता. बॅटरी गार ठेवण्यासाठी त्यांत द्रवाची सोय नव्हती, आणि उष्ण मुलखात अशा बॅटरीची शक्ती लवकर घटते. ती तीस टक्के घटली तर ७३ मैलांचे जेमतेम ५१ उरतात. शेत तीस मैलांवर असले, की जाताना पोचतो आणि येताना रस्त्यात उभा राहतो. उलट, शेव्हरोलेची २०१७ ची बोल्ट ही गाडी २३८ मैल जाते. आणि बॅटरीतील आगीच्या दोषामुळे २०२१ मध्ये कंपनीने ह्या गाड्या माघारी बोलाविल्या तेव्हा आरंभीच्या वर्षांच्या पुष्कळ गाड्यांत नव्या बॅटऱ्या बसवून दिल्या. म्हणजे एका जुन्या गाडीत नवी बॅटरी, तर दुसरीत मरणपंथाला लागलेली. दोन्ही बाजारात शेजारीशेजारी उभ्या. हे सांगणारा माणूस गावात असणे हे अनुदानाइतकेच मोलाचे.

दुसरी अडचण भिंतीतल्या खटक्याची. येथे थोडे गणित करू. अमेरिकेत घरातील साध्या सॉकेटवर, म्हणजे १२० व्होल्टवर, गाडी तासाला सुमारे चार मैल जाईल एवढी वीज भरते. मजूर दुपारी चारला घरी आला आणि पहाटे चारला निघाला, तर बारा तासांत ४८ मैलांची भरती झाली. येण्याजाण्याची वाट साठ मैलांची असेल तर रोज बारा मैल तूट. २४० व्होल्टची जोडणी असेल तर तासाला सुमारे पंचवीस मैल, आणि अडीच तासांच्या आत काम भागते. पण ही जोडणी कोण बसविणार? मजूर राहतो भाड्याच्या खोलीत किंवा चाकांवरच्या घरांच्या वस्तीत. भिंत मालकाची, मीटर मालकाचे. १९३५ च्या खात्याने घरातील वायरिंगसाठी कर्ज का दिले ते येथे कळते.

पैशाचा हिशेबही ह्या खटक्यावरच फिरतो. गॅलनला पंचवीस मैल जाणाऱ्या गाडीला साठ मैलांस २.४ गॅलन लागतात. साडेचार डॉलर भाव धरला तर पावणेअकरा डॉलर झाले. विजेची गाडी युनिटला साडेतीन मैल जाते असे धरले तर सतरा युनिटे लागतात. घरी युनिटला ३० सेंट पडले तर खर्च पाच डॉलर. महिन्याच्या पंचवीस फेऱ्यांत सुमारे १४० डॉलरांची बचत. परंतु घरी खटका नाही म्हणून रस्त्यावरच्या ठाण्यात ६० सेंटांनी भरावी लागली तर खर्च दहा डॉलरांवर जातो आणि बचत जवळजवळ शून्य. ज्याला स्वतःचे छप्पर त्याला वीज स्वस्त, आणि ज्याला छप्पर नाही त्याला ती महाग. हे गणित आम्ही कामगार-वस्तीच्या पाण्यात पाहिले आहे. नळवाल्याला पाणी स्वस्त, टँकरवाल्याला महाग.

तिसरी अडचण कर्जाची. अनुदान वजा जाऊन जी रक्कम उरते तिच्यासाठी पतवान माणसाला बँक मिळते. ज्याची मजुरी हंगामी आणि रोखीने, त्याला जुन्या गाड्यांच्या दुकानदाराचे भारी व्याज. २०१८ पासून काही वर्षे तेथील एका राज्यव्यापी योजनेत अनुदानाबरोबर शेकडा आठपर्यंतच्या व्याजाने कर्ज मिळत असे. ज्यांनी कामगारांच्या पतपेढीत हिशेब लिहिले आहेत त्यांना ह्या एका ओळीचे महत्त्व समजेल.

चौथी अडचण कागदाची. गाडी मोडीत द्यावयाची तर ती अर्जदाराच्या नावे, आणि काही काळ नोंदलेली हवी. पण मजुराची गाडी भावाच्या नावावर असते, किंवा ज्याच्याकडून घेतली तो मूळ मालक गाव सोडून गेलेला असतो. अर्ज इंग्रजीत, उत्तर पत्राने, आणि कार्यालय पन्नास मैल दूर. ह्यावर खोऱ्यातील ‘व्हॅली क्लीन एअर नाऊ’ ह्या संस्थेने साधा तोडगा काढला. सुटीच्या दिवशी जत्रेच्या मैदानावर गाड्यांची तपासणी ठेवावयाची, स्पॅनिश बोलणारी माणसे टेबलावर बसवावयाची, आणि धूर तपासण्यासाठी आलेल्यालाच योजनेचा अर्ज तेथल्या तेथे भरून द्यावयाचा. लोक पहाटेपासून गाड्यांच्या रांगा लावीत. सभेची पत्रके वाटूनही जी माणसे येत नाहीत, ती आपले अडलेले काम होते म्हटल्यावर येतात. हा अनुभव आमचाही आहे.

आता ह्यूरॉनचे पाहू. फ्रेस्नो काउंटीतले हे शेतमजुरांचे छोटे गाव, लोकसंख्या सहा-सात हजार. मोठी इस्पितळे फ्रेस्नो शहरात, सुमारे पन्नास मैलांवर; बसने गेले तर सारा दिवस मोडतो. येथले तेव्हाचे महापौर रे लिओन यांच्या संस्थेने २०१८ मध्ये ‘ग्रीन राइतेरोस’ हा उपक्रम काढला. गावात राइतेरो होतेच. संस्थेने विजेच्या गाड्या आणल्या, भरणीची ठाणी गावातच उभी केली, आणि त्याच चालकांकडून लोकांना दवाखान्यात नेण्याआणण्याचे काम रीतसर सुरू केले. गाडी एका कुटुंबाच्या मालकीची नाही, पण ती गावाची आहे आणि चाक गावातल्याच माणसाच्या हाती आहे. दुरुस्ती, वीज आणि विमा ह्यांची काळजी संस्था घेते. वर सांगितलेल्या चारही अडचणी येथे एकट्या माणसाच्या डोक्यावरून उतरून एका संस्थेच्या अंगावर आल्या. आम्हांस ह्या साऱ्या प्रकरणात हे पान सर्वांत आशेचे वाटते.

अखेर केंद्र सरकारनेही लक्ष घातले. २०२२ च्या कायद्याने वापरलेल्या विजेच्या मोटारीवर प्रथमच सवलत दिली. किमतीच्या तीस टक्के, फार तर चार हजार डॉलर. गाडी पंचवीस हजार डॉलरांच्या आतील असावी. आणि ती परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावी. १ जानेवारी २०२३ पासून ती लागू झाली. पहिल्या वर्षी तीही आयकरातूनच वजा होई, म्हणजे गरिबाच्या हाती फारसे काही पडत नव्हते. १ जानेवारी २०२४ पासून ती रक्कम विक्रेत्याकडे वळवून दुकानातच किंमत कमी करून घेण्याची सोय झाली, आणि आयकर थोडा असला तरी पूर्ण लाभ मिळू लागला. मग ४ जुलै २०२५ रोजी नवा कायदा झाला, आणि ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ही सवलत बंद झाली. श्रीमंतांच्या नव्या गाड्यांवर सवलतीचा वर्षाव दशकाहून अधिक काळ झाला. गरिबाला खऱ्या अर्थाने पोचेल अशी सवलत टिकली एक वर्ष नऊ महिने! त्यातही शेजाऱ्याकडून किंवा नातलगाकडून घेतलेल्या गाडीला ती नव्हतीच, आणि खेड्यात गाड्या बहुधा तशाच हात बदलतात.

येथे कोणी विचारील, “श्रीमंतांनी वापरून टाकलेली वस्तू गरिबाच्या गळ्यात का बांधता? त्यापेक्षा बसगाड्या वाढवा.” हा आक्षेप चुकीचा नाही. आम्ही स्वतः सार्वजनिक वाहतुकीचे कट्टर पक्षपाती आहो, आणि गाडी प्रत्येकाला वेगळी दिली की माणूस माणसापासून थोडा वेगळा होतो, ही भीती आम्हांसही वाटते. परंतु पहाटे चारला, तीस मैलांवरच्या, दर आठवड्याला बदलणाऱ्या शेतावर कोणती बस जाईल? तेथे वाहन लहानच लागणार. मग ते कोणाचे, हाच प्रश्न उरतो. कंत्राटदाराचे की कामगाराचे, एकट्याचे की मिळून? चुआलारच्या मजुरांना ह्यातले काही निवडता आले नव्हते. ह्यूरॉनच्या लोकांना थोडे निवडता आले.

आपल्याकडेही विजेच्या रिक्षा आणि दुचाक्या रस्त्यावर आल्या आहेत. त्यांचे पहिले मालक कोण हे आपण पाहतोच; दुसरे मालक कोण होतील ह्याचा विचार आतापासून करावयास हवा. त्यांच्या बॅटरीची परीक्षा कोण करील, खोलीच्या भिंतीत खटका कोण बसवील, कर्ज कोणत्या व्याजाने मिळेल आणि कागद कोणाच्या नावे होतील, हे चार प्रश्न तेव्हाही तेच असतील. सरकारी सवलत आली तर ती घ्यावी. पण ती तारीख पाहून येते आणि तारीख पाहून जाते. पतपेढी, संघ, गावची संस्था ही आपली आपण उभी केलेली असतात, म्हणून मागे राहतात. सॅन वाकीन खोऱ्यात सवलत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशीही मजुरांना पहाटे शेतावर जावयाचेच होते. ज्या गावात संस्था होती, तेथे निदान कोणाच्या दारी जाऊन विचारावे हे त्यांना ठाऊक होते.